कोसबाडची टेकडी आणि आपला शिशुवर्ग

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा सहली, स्नेहसंमेलनं, गणिताच्या सरांचा धाक हे विषय मंडळींनी आधीच वाटून घेतले होते. उरला तो शिशुवर्ग. चाळीस वर्षांपूर्वी, १९८५ साली, आपण दहावी होऊन बाहेर पडलो. पण आपल्यापैकी निम्मेअधिक जण त्याआधी बारा वर्षं याच शाळेच्या तळमजल्यावरच्या त्या लांबोळक्या खोलीत रडत शिरले होते. पुढे मी बालवाडीचीच बाई झाले. तेव्हा या खोलीबद्दल लिहिण्याचा हक्क माझा आहे, असं मी ठरवून टाकलं.

निमित्त वेगळंच घडलं. मागच्या वर्षी कल्याणच्या एका शाळेने पूर्वप्राथमिकच्या शिक्षिकांसमोर बोलायला मला बोलावलं. विषय होता, सर्व सृष्टी एकमेकांशी जोडलेली आहे ही भारतीय परंपरेतली कल्पना लहान मुलांच्या शिक्षणात कशी आणावी. २०२२ साली पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात ‘पंचकोश’ हा शब्द आहे. तेव्हापासून शाळाशाळांतून तो भिंतीवर लागला आहे. या शाळेतही सुंदर तक्ता होता. पाच रंगांची पाच वर्तुळं, एकात एक. मी तक्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कोसबाडला कोण कोण जाऊन आलं आहे?” हात वर झाला नाही. “ताराबाई मोडक, अनुताई वाघ?” दोन-तीन माना हलल्या, सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली नावं आठवावीत तशा.

मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. कारण आपल्यालाही शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी आपण आज दूरदूरची उदाहरणं शोधतो, ती आपल्याच ठाणे जिल्ह्यात आपल्या जन्माच्या पंचवीसेक वर्षं आधी सुरू झाली होती. ती हकीकत इथे सांगते.

सुरुवात करावी लागते गुजरातेत. भावनगरला गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन अध्यापन विद्यालयातली मुख्याध्यापिकेची नोकरी सोडून त्यांना जाऊन मिळाल्या. बाई मुंबई विद्यापीठाच्या १९१४ सालच्या पदवीधर. दोघांनी मिळून मारिया मॉन्टेसरीची पद्धत इथल्या मुलांना लावून पाहिली, गोष्टी, गाणी, नाटकं यांची भर घातली, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. पाटीपेन्सिल आणि छडी यांच्या पलीकडे लहान मुलांचं काही शिक्षण असतं, हे मराठी मध्यमवर्गाला तिथून उमगायला लागलं. आपल्या शिशुवर्गातल्या ठेंगण्या टेबलांचं आणि लाकडी ठोकळ्यांचं मूळ शोधत गेलं तर ते तिथेच सापडेल.

पण ताराबाईंच्या मनात एक प्रश्न होता. मॉन्टेसरीची साधनं महाग. शहरातल्या ऐपतदार घरांतली मुलं ती हाताळणार. बाकीच्यांनी काय करायचं? गांधीजींची आणि मॉन्टेसरीबाईंची १९३१ साली लंडनला भेट झाली, तेव्हा गांधीजींनीही गरिबांच्या मुलांचा विषय काढला होता. ताराबाईंनी या प्रश्नाचं उत्तर भाषणात दिलं नाही. वयाची पन्नाशी उलटल्यावर त्यांनी मुंबई सोडली आणि १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. पुण्याला हुजूरपागेत शिकवत होत्या. लहानपणी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य, अशा घरगुती इतिहासातून बाहेर पडून स्वतःच्या जोरावर शिकलेल्या.

बोर्डी म्हणजे समुद्रकाठचं, चिकूच्या वाड्यांचं गाव, डहाणू तालुक्यात. आज तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. पण तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी आपण आणि बोर्डी एकाच जिल्ह्याचे. भूगोलाच्या पुस्तकातला तो लांबरुंद ठाणे जिल्हा तुम्हाला आठवत असेल, एका टोकाला डहाणू-तलासरी आणि दुसऱ्या टोकाला मुरबाड. नकाशा भरताना आपली बोटं दुखायची.

बोर्डीत बालवाडी निघाली आणि पहिला धडा बायांनाच मिळाला. गावातली मुलं आली. गावकडेच्या वस्त्यांतली, पाड्यांवरची मुलं येईनात. आळसामुळे नव्हे. आई-बाप पहाटे मजुरीला गेलेले, धाकटं भावंडं कडेवर, बकरी सांभाळायची, पाणी आणायचं. शिवाय बालवाडीच्या पायरीवर पाऊल ठेवायचीच भीती. तेव्हा या दोघींनी ठरवलं, की मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. झोपडीसमोरची सारवलेली जागा, तिथेच मुलं जमवायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखं कापायची, गाणी म्हणायची, गोष्ट सांगायची. आईच्या नजरेसमोर. भावंडं कडेवर असलं तरी चालेल. त्याचं नाव पडलं अंगणवाडी.

साधनं? समुद्रकाठच्या शिंपल्या आणि शंख. बिया, पानं, खडे, माती, बांबूचे तुकडे. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं. पैसे वाचले, हा झाला एक फायदा. दुसरा फायदा मला पुढे कळला. मूल ज्या वस्तूने आकडे शिकतं ती वस्तू त्याच्या घराबाहेर पडलेली आहे. दुपारी बाई निघून गेल्या तरी शाळा तिथेच राहते.

दहा-बारा वर्षांनी काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वस्ती वारली आदिवासींची. तिथे विकासवाडीची कल्पना आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. कारण साधं होतं. सात वर्षांची मुलगी शाळेत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर दीड वर्षांचा भाऊ होता. भावाला पाळणाघरात घ्या, तर ताई वर्गात येते. मुलगे गुरं घेऊन रानात जायचे, म्हणून कुरणशाळा निघाली. गुरं चरताहेत आणि शेजारी झाडाखाली शाळा भरली आहे. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. भाऊ, गाय, रान, आईची मजुरी यांतलं काहीही तोडून मूल वेगळं काढलं नाही.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, सृष्टीतलं सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे हा विचार आपण कीर्तनांत ऐकला, सुभाषितांत पाठ केला, दहावीच्या निरोप समारंभात पसायदान म्हटलं. पण तो विचार शाळेच्या वेळापत्रकात कसा उतरतो, हे मी पाहिलं ते कोसबाडच्या टेकडीवर.

१९८९ साली, बालवाडी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत असताना, आमची तुकडी तिथे गेली होती. पहाटे डोंबिवलीहून निघायचं, दादरला गाडी बदलायची, विरारला पुन्हा बदलायची, आणि पुढे एस.टी. डहाणूपर्यंत लोकल तेव्हा नव्हती. अनुताई त्या वेळी हयात होत्या, पण त्या दिवशी आमची त्यांची भेट झाली नाही. दर्शन घडलं ते एका पाच वर्षांच्या मुलीचं. ती पानं लहान-मोठी अशी ओळीने लावत होती. काम संपल्यावर तिने पानं उचलली आणि शेजारी बांधलेल्या बकरीला घातली. आमच्यातल्या एकीने साधनं गोळा करायला टोपली पुढे केली होती. ती टोपली तशीच राहिली.

वारल्यांचं स्वतःचंही एक शहाणपण आहे, ते शाळेत कुणी शिकवलेलं नाही. लग्नाच्या वेळी सवाशिणी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ‘काढतात’ असं त्या म्हणत नाहीत, ‘लिहितात’ म्हणतात. मध्ये पालघाट देवी, भोवती झाडं, माणसं, जनावरं. धान्य म्हणजे त्यांची कणसरी, देवीच. तारप्याच्या नाचात तारपा वाजवणाऱ्याभोवती हातात हात घालून गोल फिरतात. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर आणून जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज आपल्या सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवरही ती चित्रं दिसतात.

पण इथेच थांबले तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल.

१९४५ हे साल पुन्हा लक्षात घ्या. त्या वर्षी जानेवारीत आपल्या शेजारी, टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. काही वारली तिथवर आले होते. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली, आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार आणि लग्नगडी या दोन प्रथांविरुद्ध लढा उभा राहिला. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे राबत राहायचं. त्या ऑक्टोबरात तलवाडा इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच वारली मारले गेले. ज्या तालुक्यांत दोन बाया अंगणात मुलांची नखं कापत होत्या, त्याच भागात त्या मुलांचे बाप ‘यापुढे वेठ करणार नाही’ म्हणून उभे राहत होते.

ही दोन कामं वेगळी, माणसं वेगळी, विचारही वेगळे. पण एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी घडलेल्या या गोष्टी मी शेजारीशेजारी ठेवते, कारण जोडलेपणाचा एक अर्थ तिथे दिसतो आणि तक्त्यावर दिसत नाही. ज्याच्या कष्टावर आपण जेवतो त्याच्याशीही आपण जोडलेले असतो. मुंबई-ठाण्याच्या वखारीत येणारं गवत आणि लाकूड त्याच रानांतलं होतं. मूल बालवाडीत का येत नाही, याचं उत्तर सावकाराच्या वहीतही लिहिलेलं होतं.

परंपरेचंही तसंच. सर्वांच्या ठायी एकच आत्मा आहे असं सांगणारी परंपरा आणि विहिरीवर दुसऱ्याला पाणी भरू न देणारी परंपरा, दोन्ही एकाच गावात, पुष्कळदा एकाच घरात नांदत होत्या. अनुताईंना बालविधवा म्हणून कोपऱ्यात बसवू पाहणारी रीतसुद्धा परंपराच होती. एका अंगणात सगळ्यांची मुलं बसवणं त्या काळी सोपं नव्हतं. या दोघींनी परंपरेतली पहिली गोष्ट घेतली आणि ती खरी करण्यासाठी दुसरीशी आयुष्यभर झगडा केला.

जगातही तेव्हा असा विचार चालू होता. मॉन्टेसरीबाई १९३९ साली मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे अडकून पडल्या. इटलीच्या नागरिक म्हणून शत्रूपक्षातल्या ठरल्या होत्या. कोडाईकनालच्या मुक्कामात त्यांनी विश्वशिक्षणाची मांडणी पक्की केली. प्रत्येक जीव आपापलं काम करताना नकळत दुसऱ्याचं काम करत असतो, हे मुलाला दाखवावं, असा तिचा गाभा. आणि १९४५ साली सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमचा विस्तार झाला तो शाळेपूर्वीच्या वयापर्यंत, थेट आईपर्यंत. तीन ठिकाणी तीन वाटांनी माणसं एकाच जागी पोचत होती.

आता आपल्या खोलीकडे येते. मी शिशुवर्गात आले जून १९७३ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ताराबाई गेल्या. आपण पहिलीत होतो त्या वर्षी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि कोसबाडचा ‘अंगणवाडी’ हा शब्द भारतभर गेला. आपल्याला याची गंधवार्ता नव्हती. पण त्या खोलीचं मागचं दार उघडायचं, आणि मागे माती होती, एक नळ होता, जास्वंद होती. बाई आम्हाला मटकी भिजवायला लावायच्या, मोड आले की सगळ्यांनी मिळून खायची. नवरात्रात हत्तीचं चित्र मध्ये ठेवून भोंडला व्हायचा. खिरापत ओळखायची आणि वाटून खायची. चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकताना चिमणीने दार उघडायला एवढा वेळ का लावला, म्हणून आपल्यातलाच एक जण (नाव लिहीत नाही, तो स्नेहमेळाव्याला येणार आहे) रडला होता. बाईंनी त्या दिवशी गोष्ट पुढे नेली नाही. चिमणीने दार लवकर उघडावं म्हणून काय करता येईल, असं आम्हालाच विचारलं. त्या बाईंनी ‘परस्परसंबंध’ हा शब्द कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

पुढे मी स्वतः बाई झाले त्या वेळची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. शाळा दुसरी होती. झाडलोट करणाऱ्या मावशींबरोबर त्यांचा चार वर्षांचा नातू यायचा आणि वर्गाबाहेर व्हरांड्यात गोणपाटावर बसायचा. मी आत ‘आपले मदतनीस’ हा पाठ घेत होते. तक्त्यावर पोस्टमन, डॉक्टर, माळी, सफाई कामगार. एका मुलीने विचारलं, “बाई, मावशींचा बाळ बाहेर का बसतो?” मी म्हटलं, “त्याचं नाव पटावर नाही.” ती म्हणाली, “मग घाला ना.”

मी तक्त्यावरच्या पुढच्या चित्राकडे वळले. ऑफिसात जाऊन विचारायला मला दहा पावलं चालावी लागली असती. कोसबाड पाहून आलेली मी, ती दहा पावलं चालले नाही. फीचा प्रश्न निघेल, इतर पालक काय म्हणतील, नोकरी नवी आहे, असं सगळं मनात आलं. पुढच्या जूनमध्ये तो मुलगा दिसला नाही. मावशींना विचारलं, तर गावी ठेवला म्हणाल्या. त्यानंतर मी किती वर्ग घेतले, किती चांगले शेरे मिळवले. पण बालशिक्षणात मी काय केलं असं कुणी विचारलं की मला ते गोणपाट दिसतं.

म्हणून कल्याणच्या त्या शिक्षिकांना मी तक्ता काढून टाका असं म्हटलं नाही. तक्ता वाचू या म्हटलं. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. तैत्तिरीय उपनिषदातले हे पाच कोश. पहिला कोणता? अन्नाचा. ऋषींनी सुरुवात अन्नापासून केली, बोर्डीच्या बायांनी आंघोळीपासून आणि नखांपासून. मग आपण सुरुवात पाठांतरापासून का करतो? मुलांना विचारा, डब्यातला भात कुठून आला. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेती होती, हे तुमच्या-माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आजच्या मुलाला ते इमारतींच्या मागे शोधावं लागेल. नळाचं पाणी कुठून आलं, विचारा. उल्हास नदीतून. ती लोणावळ्याकडच्या डोंगरात उगम पावते, कर्जत-बदलापूरवरून कल्याणला येते, आणि तिला बारवी धरणाचं पाणी मिळतं. ते धरण बांधताना आणि पुढे त्याची उंची वाढवताना मुरबाडकडची गावं-पाडे उठले. चार वर्षांच्या मुलाला यातलं सगळं सांगायचं नाही. पण बाईला ते ठाऊक असलं, तर ती नळ बंद करायला सांगताना वेगळ्या आवाजात सांगेल.

एक शिक्षिका शेवटी म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे अंगणच नाही.” खरं आहे. डोंबिवलीत मी अंगणवाड्या पाहिल्या आहेत, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, दारात चपलांचा ढीग. सेविका तिथेही पंचवीस मुलं सांभाळते, पोषण आहार वाटते, वजनं करते. अंगण नावापुरतं उरलं आहे. तरी तिच्या पटावर नाक्यावरच्या मजुराचं मूल आहे, आणि ते आपल्या सगळ्यांच्या शाळांच्या पटावर नाही.

आता मुद्द्यावर येते. स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने आपण निधी जमवतो आहोत आणि डिजिटल फळा घ्यावा असा विचार पुढे आला आहे. आपल्या शाळेचा शिशुवर्ग तीन तुकड्यांवरून एकावर आला आहे, आणि ती तुकडीही किती वर्षं टिकेल सांगता येत नाही. मी मागच्या महिन्यात जाऊन आले. खोली तीच आहे. मागच्या दाराला कुलूप आहे आणि दारासमोर मोडकी बाकं रचलेली आहेत. पलीकडे माती आहे, नळ आहे. जास्वंद नाही.

माझी सूचना अशी. बाकं हलवू, दार उघडू, माती मोकळी करू. आणि शाळेत झाडलोट करणाऱ्या ताईंची, वॉचमनची, शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांची अशी निदान दहा मुलं पटावर यावीत, एवढा फीचा भार आपण उचलू. मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. त्यांचा नकार नाही, संख्या वाढली तर त्यांना हवीच आहे. हिशेब वेगळ्या कागदावर कार्यवाहांकडे दिला आहे. फळ्यापेक्षा खर्च कमीच येतो.

आपले सर आणि बाई मेळाव्याला येणार आहेत. त्यांच्यासमोर हा विषय काढायला मला थोडा संकोच वाटतो, पण या वेळी दहा पावलं चालायची आहेत. सकाळी नोंदणीच्या आधी जे कुणी लवकर येऊ शकतील त्यांनी साडेआठला मागच्या बाजूला यावं. कुलपाची किल्ली शिपाईकाकांकडून मागून ठेवली आहे. बाकं जड आहेत.